राजोलूचं पाणी बाहेर कुठून जाणार?

आंध्र प्रदेशातल्या कोनसीमेत राजोलू नावाचं छोटं बाजारगाव आहे. पश्चिमेला वसिष्ठा गोदावरी, पूर्वेला तिचाच फाटा वैनतेया, दक्षिणेला बंगालचा उपसागर. मधे नारळीच्या बागा, भाताची खाचरं आणि अलीकडे वाढत गेलेली कोळंबीची तळी. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी 1465 किलोमीटर चालून या टापूत समुद्राला मिळते. राजोलू, मलिकीपुरम, मामिडिकुदुरू, मुम्मिडिवरम अशा गावांच्या सोयींचा विषय निघाला की मागण्यांची यादी ठरलेली असते: रेल्वे, पूल, मोठा दवाखाना. कोटिपल्ली–नरसापूर रेल्वेमार्ग मंजूर होऊन दोन दशकं उलटली. अमलापुरम 2022 मध्ये जिल्ह्याचं ठिकाण झालं, पण तिथे अजून गाडी पोचलेली नाही. सखिनेटिपल्लीहून समोर दिसणाऱ्या नरसापूरला जायचं तर लोक पंटूत, म्हणजे आपल्या कोकणातल्या तरीत, बसतात.

या मागण्या खऱ्या आहेत आणि त्यांना विरोध करण्याचं कारण नाही. तरीही त्रिभुज प्रदेशातल्या छोट्या गावात सार्वजनिक पैशावर पहिला हक्क निचऱ्याचा असायला हवा, असं माझं ठाम मत आहे. पिण्याचं पाणी, संडास, रस्ता, शाळा, बाळंतपणाचा दवाखाना यांपैकी एकही सोय तुंबलेल्या निचऱ्यावर धड चालत नाही. आणि निचरा ही अशी गोष्ट आहे की तिचं उद्घाटन होत नाही, फलक लागत नाही, म्हणून ती कुणाच्याच यादीत वर येत नाही.

आधी जमीन समजून घ्यावी लागते. गोदावरीवरचं धवळेश्वरमचं धरण ते समुद्र हे अंतर साठ-सत्तर किलोमीटर, आणि तेवढ्या अंतरात जमीन उतरते ती किलोमीटरमागे जेमतेम वीतभर. शिवाय हा उतार आपल्या डोळ्यांना सवयीचा आहे तसा नसतो. देशावर नदी खोलगट भागातून वाहते आणि दोन्हीकडची जमीन तिच्याकडे उतरते. इथे उलट आहे. नदीने पुरात आणलेला जाड गाळ काठावरच टाकला, म्हणून काठ सगळ्यांत उंच, आणि काठापासून आत जावं तशी जमीन खाली. ब्रिटिश इंजिनीअर आर्थर कॉटनच्या देखरेखीखाली 1847 ते 1852 या काळात धवळेश्वरमला बंधारा बांधला गेला, तेव्हा कालव्यांची आखणी याच हिशेबाने झाली. पाणी आणणारे कालवे उंचवट्यांवरून, पाणी नेणारे निचरे दोन उंचवट्यांमधल्या खोलगटातून. तेलुगूत या दोन वाटांना दोन स्वच्छ नावं आहेत. ‘पंट कालुवा’ म्हणजे पिकाचा कालवा आणि ‘मुरुगु कालुवा’ म्हणजे सांडपाण्याचा ओढा. राजोलूच्या बेटावरचं पाणी तर पी. गन्नवरमच्या जलसेतूवरून, वैनतेयेच्या पात्राच्या डोक्यावरून येतं. दीडशे वर्षांपूर्वी हे साधलं, याचा कोनसीमेतल्या माणसाला रास्त अभिमान आहे. कॉटनचे पुतळे गावोगाव उभे आहेत.

पाणी आणण्याच्या वाटेवर पुढेही पैसा होत राहिला. जुन्या बंधाऱ्याच्या जागी 1970 नंतर नवं धरण झालं, त्याला 175 दारं बसली. निचऱ्याच्या वाटेवरही मधूनमधून लक्ष गेलं. 1964 च्या पुरानंतर निचऱ्याचा विचार करायला मित्रा समिती बसली, 1968 मध्ये कृष्णा आणि गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशासाठी निचरा-उपकराचा स्वतंत्र कायदा झाला. म्हणजे हा प्रश्न सरकारला समजलेला नव्हता असं नाही. समजलेला होता, त्यावर कर बसवण्याइतका समजलेला होता. तरीही 2011 च्या खरिपात कोनसीमेतल्या शेतकऱ्यांनी भात लावायचंच नाकारलं. ‘पीकसुट्टी’ हा शब्द तेव्हा देशभर पोचला. मजुरी आणि हमीभाव ही कारणं होतीच, पण शेतातून पाणी निघत नाही, लावणी कुजते, ही तक्रारही त्यांत ठळक होती. भारतातल्या सर्वांत सुपीक जमिनींपैकी एकीवर शेतकरी हात बांधून बसतो, तेव्हा निचऱ्याला दुय्यम काम म्हणणं थांबवायला हवं होतं.

गावाचा प्रश्न शेतापेक्षाही अवघड आहे, आणि तो का, हे मापावरून कळतं. भाताचं खाचर दोन-तीन दिवस पाण्याखाली राहिलं तरी पीक तगतं, असं धरून या भागातल्या निचऱ्यांची रुंदी-खोली ठरलेली असते. गावाला दोन-तीन दिवस परवडत नाहीत, दोन-तीन तासच परवडतात. एक चौरस किलोमीटरच्या गावठाणावर दिवसभरात 100 मिलिमीटर पाऊस पडला, आणि वादळी पावसात तो सहज पडतो, तर 1 लाख घनमीटर पाणी साचतं. ते चोवीस तासांत बाहेर काढायचं तर सेकंदाला 1.16 घनमीटर पाणी वाहायला हवं. पण समुद्राकडचं तोंड भरतीच्या वेळी बंद असतं, म्हणजे हातात निम्माच वेळ. मग सेकंदाला सव्वादोन-अडीच घनमीटर वाहून नेईल एवढी वाट हवी, आणि ही फक्त गावाची. वरच्या खाचरांचं पाणी, तळ्यांतून सोडलेलं पाणी त्याच वाटेने येतं, ते वेगळं.

त्यात गाव वाढतं ते खालच्या अंगाला. जुनी वस्ती उंचवट्यावर, कालव्याच्या कडेला. नवी वसाहत, विशेषतः घरकुलांची, जिथे जमीन स्वस्त मिळते तिथे, म्हणजे निचऱ्याच्या खोलगटात. ती जमीन भरून घ्यावी लागते. भर टाकली की त्या जागेत पूर्वी थांबणारं पाणी शेजारच्या खाचरात किंवा जुन्या गल्लीत जातं. भर घालण्यापूर्वी त्या भागाचा निचरा कुठून नेणार, हे नकाशावर दाखवल्याशिवाय परवानगी मिळू नये. हा नियम एका ओळीचा आहे आणि त्याने पुढची बरीच भांडणं वाचतील.

रस्त्यांची गोष्ट यापेक्षा वेगळी नाही. जुन्या काँक्रीटवर दहा-पंधरा सेंटिमीटरचा नवा थर, पाच-सात वर्षांनी आणखी एक. तीन थरांत रस्ता दीड फुटापर्यंत वर येतो आणि घराचं जोतं खाली जातं. मग घरमालक उंबरा उंच करतो, पुढे खोलीत भर घालतो, आणि छताची उंची कमी होते. रस्ता झाला म्हणून समाधान मानायचं की घर बुडालं म्हणून रडायचं, हे त्या कुटुंबाला कळत नाही. उपाय साधा आहे: नवा थर घालण्यापूर्वी जुना खरवडून काढायचा, आणि निविदेतच तयार रस्त्याची पातळी आकड्यात लिहायची. मोऱ्यांच्या बाबतीत तर पातळीच सर्वस्व आहे. 600 मिलिमीटरचा सिमेंटचा पाइप टाकताना तो 10 सेंटिमीटर वर बसला, तर देशावर कुणाच्या लक्षातही येणार नाही. इथे किलोमीटरमागे वीसच सेंटिमीटर उतार असल्यामुळे त्या चुकीने मागे अर्धा किलोमीटर पाणी उभं राहतं. तिथे डास होतात, जलपर्णी धरते, गाळ बसतो, आणि दोन वर्षांत पाइप निम्मा बुजतो. मग सगळे म्हणतात पाइप लहान पडला. पाइप लहान नसतो, वर बसलेला असतो.

जलपर्णीला तेलुगूत ‘गुर्रपु डेक्क’ म्हणतात, घोड्याचा खूर. उबदार, सांडपाण्यावर पोसलेल्या पाण्यात ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. वर्षातून एकदा यंत्र लावून काढायची आणि काठावरच टाकायची, ही पद्धत म्हणजे पैसे पाण्यात. पहिल्या पावसात ती परत घसरून पात्रात येते आणि जी काडीएवढी उरली ती दिवाळीपर्यंत पुन्हा काठोकाठ भरते. काढलेली जलपर्णी काठापासून दूर नेऊन वाळवायची आणि नारळीच्या आळ्यात आच्छादन म्हणून घालायची, एवढी व्यवस्था कंत्राटात हवी. नारळ हे इथलं मुख्य बागायती पीक आहे, त्यामुळे घेणारे शेतकरी शोधायला लांब जावं लागणार नाही.

आता समुद्राकडचं तोंड. खरा प्रश्न तिथे आहे आणि गावातून तो दिसत नाही. निचरे सरळ कापून समुद्रात सोडलेले असतात. लाटा किनाऱ्याला समांतर वाळू वाहून आणतात आणि तोंडाशी वाळूची दांडी तयार करतात. उन्हाळ्यात निचऱ्यात पाणी कमी, त्यामुळे दांडी फोडायला जोर नाही, आणि जून उजाडेपर्यंत तोंड बंद झालेलं असतं. तोंड उघडं असेल तर दुसरं संकट: भरतीचं खारं पाणी आत चढतं. म्हणून तोंडाशी आपोआप उघडणारी-मिटणारी दारं बसवतात. आतलं पाणी उंच असलं की दार बाहेर ढकललं जातं, बाहेरचं उंच झालं की मिटतं. कोकणातल्या खारभूमीत याला ‘उघाडी’ म्हणतात, गोव्याच्या खाजनांत ‘मानस’. म्हणजे मराठी आणि कोंकणी माणसाला हे यंत्र पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, आणि ते कशाने बिघडतं तेही. बिजागरी गंजते. जलपर्णीचा किंवा नारळाच्या झावळीचा गठ्ठा दारात अडकतो आणि ते हातभर उघडं राहतं. मासे आत यावेत म्हणून कुणी मुद्दाम पाचर मारून ठेवतो. हातभर फटीतून एका अमावास्येच्या भरतीला जे खारं पाणी आत येतं, ते गोड्या पाण्याने धुवून काढायला आठवडे लागतात.

राजोलू भागातल्या शंकरगुप्तम निचऱ्याच्या काठच्या नारळबागा अशाच गेल्या. खारं पाणी आत चढलं, मुळांशी साचलं, झाडांचे शेंडे वाळले आणि उभी खोडं तेवढी राहिली. नारळ खारी हवा सोसतो, थोडा खारटपणाही सोसतो. मुळाशी साचून राहिलेलं खारं पाणी मात्र सोसत नाही. ते झाड परत उभं करायला सहा-सात वर्षं लागतात. हे पुन्हा घडू नये म्हणून नवीन शोध लागायची गरज नाही. दारापाशी राहणारा एक माणूस हवा, त्याला महिन्याचा पगार हवा, वंगण आणि सुटे भाग हवेत, आणि भरतीचं वेळापत्रक भिंतीवर हवं. महाराष्ट्राने खारभूमी विकासासाठी 1979 चा स्वतंत्र कायदा केला. त्याची अंमलबजावणी नेहमी चांगली झाली असं कुणी म्हणणार नाही, पण बांध आणि उघाडी कुणाची, या प्रश्नाला निदान कागदावर उत्तर आहे. कोनसीमेत कालवा पाटबंधारे खात्याचा, मुख्य निचरा त्याच खात्याच्या वेगळ्या विभागाचा, गावातली गटारं पंचायतीची, मोरी रस्ते खात्याची आणि तळ्याची परवानगी मत्स्य खात्याची. पाणी या पाचही जणांच्या हद्दीतून एका तासात जातं.

एवढं सगळं पाणी चहूकडे असलेल्या गावात प्यायला पाणी कसं मिळतं, हे नीट पाहिलं तर निचऱ्याला पहिला मान का, ते पटेल. जमिनीखालचं पाणी बहुतेक ठिकाणी खारं. समुद्राने सोडलेल्या गाळावर ही जमीन उभी आहे, तिच्यावर गोड्या पाण्याचा पातळसा थर तरंगतो. हातपंप खोल गेला की खारट लागतं. म्हणून पिण्याचं पाणी कालव्याचं. आणि कालवा दर उन्हाळ्यात डागडुजीसाठी बंद होतो, साधारण एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत. त्या दिवसांसाठी गावोगाव साठवण तलाव आहेत.

दहा हजार वस्तीच्या गावाचा हिशेब करू. माणशी 55 लिटर धरलं, जे जलजीवन मिशनचं किमान माप आहे, तर रोज साडेपाच लाख लिटर. कालवा दोन महिने बंद राहील असं धरून 60 दिवसांना 33,000 घनमीटर. तलाव 3 मीटर खोल असला तरी सगळी खोली कामाची नसते. एप्रिल-मेच्या उन्हात रोज सहा-सात मिलिमीटर पाणी वाफ होऊन जातं, म्हणजे दोन महिन्यांत चाळीस सेंटिमीटर. तळाचा मीटरभर भाग गाळ आणि गढूळ पाण्याचा. हाती उरतं दीड मीटर. म्हणजे तलावाचं क्षेत्र 2.2 हेक्टर, साडेपाच एकर, हवं. आता यात फूटभर गाळ बसू द्या: 6,600 घनमीटर जागा गेली, म्हणजे बारा दिवसांचं पाणी गेलं. मेच्या शेवटच्या आठवड्यात टँकर का लागतो, याचं उत्तर बहुतेक वेळा या फूटभर गाळात असतं.

आणि निचरा तुंबलेला असला की तलाव दुसऱ्या वाटेने नासतो. मे महिन्यात तलावाची पातळी खाली जाते. शेजारच्या निचऱ्यात किंवा कोळंबीच्या तळ्यात पाणी त्याहून वर उभं असतं. जमिनीतून पाणी वरून खाली जाणारच, आणि ते मचूळ असतं. नेमकं जेव्हा प्यायला पाणी थोडं उरलेलं असतं तेव्हाच ते खारट होतं. तलावाच्या काठापासून ठरावीक अंतरात खाऱ्या पाण्याचं तळं नको, आणि तलावाला चिकणमातीचा किंवा जाड प्लास्टिकचा अस्तर हवा, या दोन गोष्टी वेगवेगळ्या करून चालत नाही. भरायची वेळही महत्त्वाची आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कालवा भरलेला असताना तलाव भरून घ्यावा. बंद व्हायच्या शेवटच्या आठवड्यात कालव्याच्या टोकाशी जे येतं ते वरच्या सगळ्या गावांचं धुणं असतं. जूनमधलं पहिलं पाणी तर त्याहून वाईट, कारण दोन महिने कोरड्या कालव्यात साचलेली घाण ते घेऊन येतं. पहिले तीन-चार दिवस तलावाचं दार बंदच ठेवावं.

तलावातून पाणी वाळूच्या गाळणीवर येतं. संथ वाळूची गाळणी हे या गावांसाठी योग्य तंत्र आहे: मीटरभर बारीक वाळू, आणि ताशी 0.1 मीटर, फार तर 0.2 मीटर वेग. वाळूच्या वरच्या थरात जीवाणूंची जी साय धरते तीच खरं काम करते. साडेपाच लाख लिटरला, चोवीस तास चालवली तर 230 चौरस मीटर वाळू पुरते. पण वीज असते तेव्हाच पंप, म्हणून सगळं पाणी दहा तासांत ढकललं तर वेग 0.24 वर जातो, साय फाटते आणि गाळणी नुसती चाळणी उरते. उरलेले चौदा तास ती कोरडी पडली तर साय मरते. यावर उपाय म्हणजे गाळणीच्या आधी एक उंच टाकी, जिच्यातून पाणी रात्रीही हळूहळू उतरत राहील. ऑगस्टच्या पुराचं लाल पाणी थेट गाळणीवर घेतलं की ती आठ दिवसांत चोंदते, मग वरची दोन सेंटिमीटर वाळू खरवडायची असते. ती खरवडायला माणूस नसतो, तेव्हा बगलेची तोटी उघडली जाते आणि कच्चं पाणी सरळ टाकीत जातं. शेवटचा आधार टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर. तिच्यात 25 टक्के क्लोरीन असेल तर लिटरला 2 मिलिग्रॅम मात्रेसाठी रोज साडेचार किलो लागते. पण किनाऱ्याच्या दमट हवेत उघड्या गोणीतली पावडर काही महिन्यांत निम्म्यावर येते, आणि कर्मचारी मात्र तेवढेच चमचे टाकत राहतो. शेवटच्या नळाला ओटी टेस्ट, म्हणजे थेंब टाकून रंग बघायची चाचणी, घेऊन लिटरला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरतंय का, हे बघणं पाच मिनिटांचं काम आहे. ते रोज झालं तर वर्षाची अर्धी दुखणी कमी होतील, असं मला वाटतं.

हे सगळं नीट होत नाही म्हणून लोक आरओच्या वीस लिटरच्या जारकडे वळतात. 2014 मध्ये आंध्र सरकारने दोन रुपयांत जार देण्याची योजनाही आणली होती. तात्पुरता उपाय म्हणून तिला नावं ठेवणार नाही. पण आरओ जितकं पाणी देतो तितकंच, कधी जास्त, खारट पाणी बाहेर टाकतो, आणि ते पुन्हा त्याच गटारात, त्याच तुंबलेल्या निचऱ्यात जातं. शिवाय जार पिण्यापुरता असतो. भांडी, आंघोळ, तान्ह्या मुलाचे कपडे नळाच्या पाण्यातच होतात.

संडासांचं तर बोलायलाच हवं. दोन खड्ड्यांचा संडास ही उत्तम कल्पना आहे, पण तिची अट अशी की खड्ड्याच्या तळाखाली निदान 2 मीटर कोरडी माती असावी. पावसाळ्यात इथे हाताने उकरलं तरी पाणी लागतं. सिमेंटच्या कड्यांचा खड्डा म्हणजे मग विहीरच, आणि शेजारच्या हातपंपाशी तिचा थेट संबंध. भूजल वर असेल तर खड्ड्याचा तळ बंद करून भोवती अर्धा मीटर बारीक वाळूचं वेष्टण आणि हातपंपापासून निदान 10 मीटर अंतर, असं मानक आहे. दाट गल्लीत 10 मीटर आणायचे कुठून? तिथे बंद सेप्टिक टाकीच हवी. पाच माणसांच्या घराला 1.5 मीटर लांब, 0.75 मीटर रुंद आणि 1 मीटर पाण्याची खोली पुरते, पण ती दर दोन-तीन वर्षांनी उपसली पाहिजे. आज ती भरून वाहायला लागल्यावर उपसतात, आणि गाडी रात्री निचऱ्याच्या काठी रिकामी होते. हाच निचरा पुढे खाचरातून जातो, पुढे समुद्राच्या तोंडाशी अडतो आणि उलटा फिरतो.

इथे महाराष्ट्राकडून घेण्यासारखं एक उदाहरण आहे. कृष्णाकाठच्या वाईने आणि गोदावरी खोऱ्यातल्या सिन्नरने 2018 च्या सुमारास टाक्या ठरलेल्या क्रमाने उपसायला सुरुवात केली. मालकाने बोलावण्याची वाट बघायची नाही. तीन वर्षांत शहरातली प्रत्येक टाकी एकदा उपसली जाते, खर्च स्वच्छता करातून भागतो, आणि मैला शुद्धीकरण केंद्रात जातो. कोनसीमेत एकट्या पंचायतीला केंद्र परवडणार नाही, पण दहा-बारा पंचायतींना मिळून परवडेल. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 च्या पंचायतींच्या निधीत पाणी आणि स्वच्छतेसाठी प्रत्येकी 30 टक्के राखलेले होते. अशा निधीचा पहिला उपयोग हा आहे. एक काळजी मात्र घ्यावी लागेल: उपसा जानेवारी ते मे या महिन्यांतच. पावसाळ्यात हलकी टाकी रिकामी केली तर भोवतालचं भूजल तिला उचलून वर काढतं, जोडपाइप तुटतात.

कुणी म्हणेल, कोनसीमेचा शत्रू पूर आहे, गटार नव्हे. प्राणहिता आणि इंद्रावती गडचिरोलीच्या कडेने पाणी घेऊन उतरतात, शबरी त्यात भर घालते, आणि धवळेश्वरमला लाखो क्युसेक येतात. 1986 च्या ऑगस्टमध्ये 35 लाखांच्या आसपास, 2022 च्या जुलैत 25 लाखांहून अधिक. नदीच्या पात्रातल्या लंका, म्हणजे बेटांवरच्या वाड्या, तेव्हा पाण्याखाली जातात, हे दुःख मोठं आहे. पण पुराच्या बाबतीत व्यवस्था आहे हे मान्य केलं पाहिजे. 10 लाख क्युसेकला पहिला इशारा, 13 ला दुसरा, 17 ला तिसरा. नदीच्या वरच्या अंगाच्या भद्राचलमचा आकडा कळला की खाली तयारीला दिवसभराचा अवधी मिळतो, आणि कोणत्या आकड्याला काय करायचं हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. गावात साचणाऱ्या पावसासाठी असा एकही आकडा नाही. निचऱ्याच्या पुलाखाली रंगवलेली पट्टी नाही, कोणत्या पातळीला दार तपासायचं हा नियम नाही. बांधाच्या आतलं गाव नदीने क्वचित बुडतं, स्वतःच्या पावसाने मात्र जवळपास दर वर्षी.

कोळंबीच्या तळ्यांविषयी दोन्ही बाजूंनी टोकाचं बोललं जातं. ती बंद करा म्हणणं सोपं आहे, पण त्यांवर हजारो घरं चालतात. माझी मागणी मर्यादित आहे. 2005 च्या किनारी मत्स्यशेती कायद्याखाली असो वा राज्याच्या परवान्याने, तळ्याचं वापरलेलं पाणी पंट कालुव्यात सोडायला पूर्ण बंदी हवी, आणि परवान्याच्या नकाशावर पाणी कुठून घेणार व कुठे सोडणार हे दोन बाण हवेत. एकच बाण असलेला अर्ज परत पाठवावा.

सुरुवात कुठून? पातळीपासून. एका गावाचं पातळी-सर्वेक्षण, समुद्रसपाटीच्या हिशेबात, दोन माणसं आणि एक लेव्हल यंत्र घेऊन काही आठवड्यांत होतं. चौकातल्या, शाळेच्या, दवाखान्याच्या, प्रत्येक मोरीजवळच्या भिंतीवर तो आकडा ऑइलपेंटने लिहावा. मग रस्ता, घरकुल, मोरी, तलाव, कुठलंही काम त्या आकड्याशी ताडता येतं, आणि ते ताडायला इंजिनीअर असण्याची गरज नाही.

दुसरं, साफसफाईची वेळ. कालवा बंद असतो ते सहा-सात आठवडेच यंत्र निचऱ्यात नीट चालतं, म्हणून निविदा जानेवारीत निघाली पाहिजे. मेच्या शेवटी निघालेल्या निविदेचं काम पाण्यातच होतं आणि पाण्यात केलेलं काम मोजता येत नाही. आणि एक वेळ पुरत नाही. कोनसीमेला मोठा तडाखा देणारी वादळं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. 6 नोव्हेंबर 1996 च्या वादळात इथे हजारावर माणसं गेली. म्हणून समुद्राकडचं तोंड मेमध्ये एकदा आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा मोकळं करायचं, आणि दारांची तपासणी त्याच दोन वेळी. बिल यंत्राच्या तासांवर द्यायचं नाही. दर 100 मीटरवर निचऱ्याचा आडवा छेद कामाआधी आणि कामानंतर मोजायचा, दोन्ही छेद पंचायतीच्या फळ्यावर लावायचे, आणि जेवढी खोली खरोखर वाढली तेवढ्याचेच पैसे.